इंजिनात बोल्ट तुटला तर: सुरुवात कुठून करायची आणि इझी-आऊट शेवटी का

पाना जोरात ओढताना हात एकदम हलका होतो, बोल्टचं डोकं पान्यात राहतं आणि दांडा आत. अशा वेळी पहिलं काम म्हणजे पाना खाली ठेवणं. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत चिडून जे केलं जातं, त्यावरच ठरतं की हे काम एका दुपारचं आहे की इंजिनाचं हेड उतरवून लेथवाल्याकडे नेण्याचं.

बहुतेक जण लगेच हार्डवेअरच्या दुकानात जातात आणि इझी-आऊटचा संच घेऊन येतात. इझी-आऊट म्हणजे तुटक्या बोल्टात भोक पाडून त्यात अडकवायचं आणि उलटं फिरवायचं कठीण पोलादाचं हत्यार. संच जवळ असायला हरकत नाही, पण तो डब्यातच राहू द्या. तुटका बोल्ट काढायच्या सात-आठ रीती आहेत. त्यातल्या काही फसल्या तरी काही बिघडत नाही, दुसरी रीत वापरता येते. काही मात्र फसल्या की बाकीचे सगळे रस्ते बंद करून जातात. म्हणून ज्यात गमावण्यासारखं कमी, ते आधी करायचं. इझी-आऊट या यादीत जवळजवळ तळाला येतो.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांनी घरी ऑइल बदललंय, प्लग काढलेत आणि आता थर्मोस्टॅटच्या कव्हरचा, वॉटर पंपाचा, टॅपेट कव्हरचा किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तोडून बसले आहेत. हेड बोल्ट, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, मेन बेअरिंगचे किंवा कॅमशाफ्टच्या कॅपचे बोल्ट यांना पहिल्यांदा शिकताना हात लावू नका. तिथे चूक झाली तर ती इंजिन चालू केल्यावर कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्याकडे बोल्ट एवढे का धरतात

गोव्यातल्या गाड्यांचे बोल्ट पुण्या-नाशिकच्या गाड्यांपेक्षा जास्त हट्टी असतात, हे इथला कुठलाही मेकॅनिक सांगेल. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस हे एक कारण. मिठाची हवा हे त्याहून मोठं. समुद्रावरून येणारं मीठ बोल्टच्या खाचेत बसतं आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की आपोआप विरघळून खारं पाणी होतं. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने ही पातळी सहज ओलांडली जाते. म्हणजे गाडी शेडमध्ये उभी असली, तिच्यावर पावसाचा थेंबही पडला नसला, तरी बोल्ट ओलाच. कळंगुट-कांदोळीच्या गाड्यांत हे सर्वात जास्त दिसतं. वाळपईकडे मीठ कमी, पण डोंगराखालची ओल आणि तांबडी धूळ आहेच.

लोखंड गंजतं तेव्हा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगतो आणि बोल्टला चारही बाजूंनी आवळतो. त्यात हेड किंवा कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर दुसरा प्रकार सुरू होतो. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात बसले की छोटीशी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. बोल्टभोवती पांढरी पूड दिसते ती हीच. मारुती ८०० आणि ओम्नीच्या जुन्या इंजिनात ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यामुळे एकाच इंजिनात दोन्ही प्रकारची दुखणी भेटतात. कुठला बोल्ट कशात बसलाय हे आधी बघून घ्या. पुढे उष्णता कशी द्यायची ते त्यावर अवलंबून आहे.

बोल्ट कशामुळे तुटला, ते आधी ठरवा

ही पायरी कुणी करत नाही, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची हीच.

बोल्ट आवळताना तुटला असेल, किंवा गाडी चालता चालता कंपनांनी थकून तुटून पडला असेल, तर आत राहिलेला तुकडा बहुधा अडकलेला नाही. डोकं गेल्यामुळे त्याच्यावरचा ताण सुटलेला आहे. टोकदार पंचाने कडेवर हलकेच उलट्या दिशेने टिचकी मारली तर असा तुकडा कधीकधी फिरायला लागतो. थोडा वर आला की चिमट्यात धरून बोटांनी काढता येतो.

बोल्ट सोडवताना तुटला असेल तर गोष्ट वेगळी. पूर्ण जाडीचा पोलादी बोल्ट, षट्कोनी डोकं आणि लांब पाना एवढं सगळं लावूनही तो हलला नाही, उलट स्वतःच तुटला. आता त्याच तुकड्यात ४ मिलिमीटरचं भोक पाडून त्यात बसणारा बारीक इझी-आऊट तो फिरवेल, असं मानायला काय आधार आहे? आधी पकड सुटली पाहिजे, मगच फिरवायचं. पुढचं सगळं या एका वाक्याभोवती आहे.

तुटलेला पृष्ठभाग टॉर्चच्या उजेडात नीट पाहा. एका बाजूला जुना काळपट भाग आणि उरलेला चकचकीत असेल तर तडा आधीपासून होता. पृष्ठभाग गोल पिळल्यासारखा असेल तर बोल्ट जोराने पिळून तुटलाय, म्हणजे खाली घट्ट धरलेला आहे.

मग आकार. शेजारचा तसाच शाबूत बोल्ट काढा आणि मोजा. बहुतेक कव्हरचे बोल्ट एम-६ (६ मिलिमीटर जाडीचे) असतात, १० नंबरच्या पान्याचे, १ मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). मॅनिफोल्ड आणि पंपाचे बरेचसे एम-८, जपानी धाटणीच्या गाड्यांत १२च्या पान्याचे, पिच १.२५. त्याच बोल्टवरून लांबी कळते आणि लांबीवरून भोक किती खोल आहे याचा अंदाज येतो. भोक बंद आहे की आरपार, हेही पाहा. आरपार भोक वॉटर जॅकेटमध्ये (कूलंट फिरतं त्या पोकळीत) किंवा ऑइलच्या जागेत उघडत असेल, तर ड्रिलचा किस थेट तिथे जाणार.

हात घालण्याआधी

इंजिन पूर्ण थंड. कूलंटच्या जागेचं काम असेल तर कूलंट काढून झाकणाच्या डब्यात ठेवा. त्यातलं इथिलीन ग्लायकोल गोडसर लागतं आणि विषारी असतं, आणि आपल्या वाड्यावर मोकळी कुत्री-मांजरं कमी नाहीत. बॅटरीची मायनस वायर काढा. डोळ्यांवर चष्मा हवाच. इंजिनाची उघडी तोंडं, म्हणजे इनटेक, एक्झॉस्ट पोर्ट, प्लगची भोकं, स्वच्छ कापडाने बंद करा आणि किती बोळे कोंबले ते लिहून ठेवा.

जागा मोकळी करण्यात कंजूषी नको. बंपर, पंखा, रेडिएटर काढून सरळ समोरून हात पोचत असेल तर ते काढा. तिरक्या हाताने मारलेलं ड्रिल तिरकंच जातं, आणि रेडिएटर परत बसवायचा तास वाचवण्याच्या नादात हेडचा खर्च येतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट: चवथीच्या आदल्या आठवड्यात असलं काम उघडू नका. ऐन वेळी वेल्डर, लेथवाला, सुट्या भागांचं दुकान, तिन्ही बंद असतात आणि गाडी अंगणात उघडी राहते.

तेल, ठोके आणि एक रात्र

पितळी ब्रशने तुकड्याभोवतीचा गंज आणि माती साफ करा. धुळीच्या थरावर तेल ओतलं तर ते धुळीतच जिरतं. मग गंज सोडवणारं तेल घाला. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं आणि चालतं, पण खास गंजासाठीचे स्प्रे जास्त आत शिरतात. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळूनही अनेक जण वापरतात. ही दोन्ही नीट एकजीव होत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्यावी लागते. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं आणि रंग-प्लास्टिक खातं, हे लक्षात असू द्या.

तेल घातल्यावर सपाट पंच तुकड्याच्या मधोमध ठेवा आणि छोट्या हातोडीने सरळ ठोके द्या. जोरात एक ठोका देण्यापेक्षा हलके वीस-पंचवीस बरे. आट्यांमधला गंज ठिसूळ असतो, तो भुगा होऊन फुटतो आणि तेलाला वाट मिळते. अ‍ॅल्युमिनियममध्ये हात आणखी हलका ठेवा. पुन्हा तेल, पुन्हा ठोके, संध्याकाळी एकदा, झोपण्याआधी एकदा. रात्रभर तसंच ठेवा. सवकास. आपल्याकडे हा शब्द सगळ्या कामांना लावतात, इथे तो खरोखर लागू पडतो.

तुकडा बाहेर डोकावत असेल तर

निम्मी लढाई जिंकलेली आहे. चांगल्या दाताचा ग्रिप प्लायर स्क्रूने आवळून असा लावा की तो चावून धरेल. साधी पकड घसरते आणि तुकडा गोल करून टाकते. तुकडा पुरेसा बाहेर असेल तर दोन बाजूंनी फाईल मारून सपाट करा आणि पाना लावा. स्टडचे (बिनडोक्याच्या बोल्टचे) आटे शाबूत असतील तर दोन नट एकमेकांवर आवळून खालचा नट उलटा फिरवायचा, ही जुनी रीत आजही चालते.

फिरवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने. हो, आवळायच्या. गंजाची पकड कुठल्याही दिशेने हलली तरी मोडते. मग सोडवायच्या दिशेने अष्टमांश फेरा, परत मागे, तेल, परत पुढे. तुकडा फिरतोय पण रबरासारखा वाटतोय, हात सोडल्यावर परत येतोय, असं जाणवलं तर लगेच थांबा. तो सुटत नाहीये, पिळला जातोय. आणखी जोर लावलात तर तो आटे संपतात तिथेच तुटेल आणि मग बाहेर धरायला काही उरणार नाही.

उष्णता

तेलाने न होणारं काम उष्णतेने होतं, पण आधी तेल पुसून काढा. तेलात भिजलेल्या जागेवर ज्योत नेणं म्हणजे आग लावणं. पेट्रोलच्या नळ्या, प्लास्टिकचे सेन्सर, रबरी सील आसपास असतील तर काढा किंवा ओल्या कापडाने झाका. जवळ पावडरचा अग्निशामक ठेवा. ब्रेक क्लीनरने जागा धुतली असेल तर डब्यावर क्लोरीनयुक्त घटक लिहिले आहेत का ते वाचा. अशा क्लीनरचा अंश तापला तर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये असेल तर बोल्टभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम तापवा. तापल्यावर ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हिशेब केला तर ८ मिलिमीटरच्या बोल्टला १०० अंशांच्या वाढीने साधारण ९ मायक्रॉनची सूट मिळते. केसाच्या जाडीच्या मानाने हे काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला पुरतं. हीट गन असेल तर उत्तम. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र होऊन उडेल एवढं तापलं की बास. रंग बदलायची वाट अजिबात पाहू नका. पोलाद वितळायच्या खूप आधी लाल होतं, अ‍ॅल्युमिनियम तसं काही दाखवत नाही. सुमारे ६६० अंशांना ते वितळतं, आणि इंजिनात वापरतात ते मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतात. कास्टिंग (ओतीव भाग) एका क्षणी जागेवर असतं आणि पुढच्या क्षणी खाली गळतं.

बिडात बसलेल्या बोल्टला ही युक्ती तेवढी लागू पडत नाही, कारण बीड आणि पोलाद जवळपास सारखंच प्रसरण पावतात. तिथे बोल्टलाच तापवून गार होऊ द्यायचं, पुन्हा तापवायचं. दर फेरीत बोल्ट फुगतो, आकसतो आणि गंज सैल होतो. गरम असताना कडेला मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. मेण स्वस्त आहे, करून बघण्यात काही तोटा नाही.

नट वेल्ड करणं

सोडवताना तुटलेला, घट्ट धरलेला बोल्ट असेल तर माझं मत सरळ आहे: वेल्डिंगकडे जा, ड्रिलकडे नको. यात दोन कामं एकदम होतात. तुकड्याला नवं डोकं मिळतं, आणि वेल्डिंगची उष्णता नेमकी बोल्टमध्ये जाऊन पकड सोडवते. शिवाय फसलं तरी काही बिघडत नाही, दुसरा नट लावायचा.

घरी वेल्डिंग मशीन नसेल तर वेल्डर बोलवा. मिग वेल्डिंग येणारा मिळाला तर बरं, कारण बारीक भोकात तारेने भरणं सोपं जातं. रॉडनेही होतं, अडीच मिलिमीटरच्या ६०१३ रॉडने. पावसाळ्यात रॉड ओले पडतात, उघड्या पुड्यातले घेऊ नका. मालीम, कुटबण किंवा वास्कोच्या खारीवाड्याला ट्रॉलर लागतात. त्या इंजिनांवर काम केलेला वेल्डर मिळाला तर त्याला खाऱ्या पाण्याने धरलेला बोल्ट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

वेल्डर आला तरी चार गोष्टी तुम्हीच पाहायच्या. बॅटरी सुटलेली हवी, आणि नवीन गाडी असेल तर इंजिनच्या कॉम्प्युटरचे कनेक्टरही काढलेले हवेत. अर्थचा चिमटा त्याच कास्टिंगला, बोल्टच्या जवळ साफ केलेल्या जागी लावायचा. बंपरला किंवा दाराला लावला तर करंट बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून वाट काढतो. नट झिंक चढवलेला चकचकीत नको, साधा काळा हवा. झिंक जळलं की त्याच्या धुराने अंगात कणकण भरते. तसाच नट मिळाला तर आधी फाईलने झिंक घासून काढा.

नट बोल्टपेक्षा एक नंबर मोठा घ्या. एम-६च्या तुकड्यावर एम-८चा, एम-८वर एम-१०चा. भोक मोठं असलं की आर्क तळापर्यंत पोचतो. तुकडा भोकाच्या आत गेला असेल तर आधी एक वॉशर ठेवा, तुकडा वॉशरच्या पातळीपर्यंत वेल्डने भरून घ्या, वॉशर त्याला जोडा आणि मग वॉशरवर नट. वॉशरमुळे कास्टिंग वाचतं. पोलादाचं वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, हे इथे आपल्या फायद्याचं आहे. आटे थोडे खरचटतील, पण बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला जोडला जाणार नाही. बिडात मात्र ही मोकळीक नाही, तिथे वेल्ड भिंतीला लागू न देणारा सरावाचा हात हवा.

वेल्ड झालं की लगेच पाना लावू नका. लाली जाऊ द्या, आणखी एखाद-दोन मिनिटं थांबा. लालभडक वेल्ड मऊ असतं आणि नट हातात येतो. कोमट-गरम असताना पाना लावा आणि पुन्हा तेच: थोडं आवळा, थोडं सोडा, तेलाचा थेंब, थोडं आवळा. बोल्ट हलला की एक बारीक कुरकुर ऐकू येते. ती ऐकल्यावर माणसाला जोर चढतो, पण तेव्हाच हात आवरायचा असतो.

नट तुटून आला तर दुसरा लावा. तिसऱ्या-चौथ्या नटाला निघालेले बोल्ट वेल्डरांच्या नेहमीच्या पाहण्यात असतात. प्रत्येक वेळची उष्णता आपलं काम करत असते.

ड्रिल करायची वेळ आलीच तर

वेल्डिंग शक्य नाही, किंवा तुकडा इतका आत आहे की आर्क पोचत नाही, तेव्हा ड्रिल. इथे भोक मध्यावर आलं तर सगळं सोपं आणि बाजूला सरकलं तर सगळं अवघड. बोल्ट कठीण आणि भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम मऊ. ड्रिल बिट मऊ बाजूला ओढ घेतं, आणि एकदा घसरलं की दर वेळी तिथेच घसरतं.

म्हणून तुटका पृष्ठभाग आधी सपाट करा. शक्य असेल तर बारीक ग्राइंडर बिटने. मग सेंटर पंच हलका टेकवा, भिंगातून पाहा, मध्य जमला असेल तरच जोरात मारा. याहून खात्रीचा उपाय म्हणजे बुश. काढलेलं कव्हर किंवा मॅनिफोल्ड परत जागेवर शाबूत बोल्टांनी बसवा. लेथवाल्याकडून एक छोटा बुश करून घ्या: बाहेरचा व्यास कव्हरच्या भोकात घट्ट बसेल एवढा, आतलं भोक ३ मिलिमीटर. तो भोकात घातला की ड्रिल बिटला सरळ मध्यावर जाण्याशिवाय पर्याय राहत नाही. कुंडई, थिवी, वेर्णा, खोर्ली अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास लेथवाले आहेत. हे काम त्यांच्यासाठी चहा पिता पिता होणारं आहे.

बिट कोबाल्टचं घ्या. ८.८ ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे मजबुतीचा दर्जा) बोल्टवर बाजारातलं स्वस्त बिट तापून बोथट होतं. वेग कमी, दाब भरपूर, तेल सतत. किस कुरळा येत असेल तर बिट कापतंय, नुसती पूड येत असेल तर घासतंय. घासणारं बिट खालचा पृष्ठभाग कडक करून ठेवतं आणि पुढचं बिटही चालत नाही.

उलट्या पिळाचं ड्रिल बिट मिळालं तर तेच वापरा आणि मशीन उलटं फिरवा. ते सोडवायच्या दिशेने कापतं. कित्येकदा बिट मध्येच अडकतं आणि तुकडा बिटाबरोबर फिरत वर येतो. स्थानिक दुकानात क्वचित दिसतं, ऑनलाइन मागवावं लागतं. इझी-आऊटवर खर्च करण्यापेक्षा हा खर्च शहाणपणाचा.

आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग पायरीपायरीने मोठं. एम-६साठी ४.८ आणि एम-८साठी ६.५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. एवढं मध्यावर गेलात तर बोल्टची फक्त आट्यांची पातळ साल उरते. ती टोकदार सुईने आत दुमडून चिमट्याने ओढली की स्प्रिंगसारखी निघते.

इझी-आऊट

आता तो डबा उघडला तरी चालेल, पण बोल्ट सैल आहे अशी खात्री असेल तरच. निमुळता, पिळाचा प्रकार तर टाळाच. तो आत जाताना पाचरीसारखा काम करतो, बोल्टची भिंत बाहेर ढकलतो आणि आधीच अडकलेल्या बोल्टला आणखी आवळतो. सरळ धारांचा, आरपार सारख्या जाडीचा प्रकार त्यातल्या त्यात बरा. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवायच्या टी-हँडलने दोन्ही हातांनी सारखा जोर द्या. एका बाजूने पाना लावला की त्याच्यावर तिरका जोर येतो, आणि हे पोलाद वाकत नाही, तुटतं.

आत तुटलेला इझी-आऊट म्हणजे या कामातलं सर्वात वाईट वळण. तो इतका कठीण असतो की साधं किंवा कोबाल्ट बिट त्याला ओरखडाही काढत नाही. कार्बाइडच्या बरने (अतिकठीण घासणाऱ्या बिटने) कणाकणाने फोडायचा, नाहीतर हेड उतरवून स्पार्क मशीन असलेल्या टूलरूममध्ये न्यायचं. तिथे ठिणग्यांनी तो जाळून काढतात आणि आटे शाबूत राहतात. तुटलेल्या टॅपलाही हेच लागू.

आटे नीट करणं आणि नवा बोल्ट

बोल्ट निघाल्यावर भोकात टॅप फिरवून आटे साफ करा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे किस त्याला चिकटून बाहेर येतो. नवा कापणारा टॅप मारायची भीती वाटत असेल तर चांगल्या जुन्या बोल्टच्या टोकाला हॅक्सॉने उभ्या दोन खाचा पाडा. तो आटे न कापता नुसता साफ करतो.

आटे गेले असतील तर हेलिकॉइल. पोलादी तारेचं हे वेटोळं मोठ्या भोकात बसवतात आणि त्याच्या आत मूळ मापाचा बोल्ट लागतो. संचातच ठरावीक मापाचं ड्रिल आणि टॅप येतो, तोच वापरा. वेटोळं पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली जाऊ द्या आणि तळाची जीभ तोडल्यावर ती बाहेर काढायला विसरू नका. अ‍ॅल्युमिनियममध्ये नीट बसवलेलं हेलिकॉइल मूळ आट्यांपेक्षा कमी पडत नाही.

बंद भोक हवेने फुंकून कोरडं करा, डोळ्यांवर चष्मा ठेवून. तळाशी तेल राहिलं आणि बोल्ट आवळला तर ते दाबलं जात नाही. सगळा जोर कास्टिंगवर येतो आणि ते तडकतं.

नवा बोल्ट ८.८ ग्रेडचा, मूळ लांबीचा. गंजाला कंटाळून स्टेनलेसचे बोल्ट लावायची आपल्याकडे फार हौस आहे. अ‍ॅल्युमिनियममध्ये ते लावू नका. बोल्ट चकचकीत राहील आणि खाऱ्या हवेत भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम अधिक वेगाने झिजेल. आट्यांना अँटीसीझ (बोल्ट धरू नये म्हणून लावायची पेस्ट) लावा: मॅनिफोल्डच्या स्टडना तांब्याचं किंवा निकेलचं, अ‍ॅल्युमिनियममध्ये निकेलचं बरं. भोक वॉटर जॅकेटमध्ये उघडत असेल तर अँटीसीझऐवजी आट्यांचं सीलंट.

टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना) वापराच. कोरड्या आट्यांना एम-६साठी साधारण १० न्यूटन-मीटर आणि एम-८साठी २२ ते २५, पण गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. अँटीसीझ लावलं की घर्षण कमी होतं, म्हणून आकडा पाचव्या हिश्श्याने कमी धरा. मनगटाच्या अंदाजावर एम-६ आवळणाऱ्यांमुळेच लेथवाल्यांची दुकानं चालतात.

शेजारचे बाकीचे बोल्ट त्याच वयाचे आणि त्याच हवेतले आहेत. कव्हर उघडलंच आहे तर तेही बदला, सगळ्यांना अँटीसीझ लावा. मग आत कोंबलेले कापडाचे बोळे मोजून बाहेर काढा, कूलंट भरून हवा काढा आणि इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवून सांध्याभोवती पाहा. मॅनिफोल्डचं काम असेल तर सकाळी थंड इंजिन सुरू करून ऐका. टिकटिक येत असेल तर गॅस्केट नीट बसलेलं नाही. आठवडाभराने थंड इंजिनावर टॉर्क एकदा तपासा.